पालकाला विचारा

केदारखेड्यात निम्मं गाव 1 जूनला जन्माला आलेलं आहे. यात सुईणीचं काही कर्तृत्व नाही, सगळं गुरुजींचं. बाप पोराला शाळेत घालायला यायचा, गुरुजी विचारायचे, "जन्मतारीख?" बाप म्हणायचा, "पोळ्याच्या आगंमागं. लई पाणी होतं बघा तव्हा." हजेरीपटाच्या रकान्यात पोळा मावत नाही आणि पाणी तर त्याहून नाही. शाळा जूनमध्ये उघडते, पोराला सहा वर्षं भरलेली हवीत, म्हणून गुरुजी उलटा हिशेब करून 1 जून टाकत आणि पुढच्या पोराकडे वळत. महाराष्ट्रात गावोगावी हेच झालं. म्हणून तर 31 मे आला की सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते, शाल-श्रीफळ कमी पडतं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर केकांचा पाऊस पडतो आणि ज्यांच्यावर तो पडतो, त्यांना आपण त्या दिवशी जन्मलेलो नाही हे पक्कं ठाऊक असतं.

गुरुजींपुढे हे खपलं. कंप्युटर मात्र जन्मतारीख विचारून गप्प बसत नाही. ती जपून ठेवतो, आणि सहा महिन्यांनी आपण पासवर्ड विसरलो की तोंडावर तीच विचारतो. तेव्हा खरी सांगितली होती, शाळेची सांगितली होती की आधारवरची, हे आठवत बसणं म्हणजे लग्नाच्या वाढप्याला पाच वर्षांनी "कोणत्या पंगतीला जिलबी वाढलीत?" म्हणून विचारणं.

माझ्या अक्काचं सासर केदारखेड्यात. जालना-भोकरदन रस्त्याला राजूरच्या गणपतीला हात जोडून पुढे आलं की पूर्णेकाठी हे गाव लागतं. गव्हाला पाणी चालू होतं त्या दिवसांत अक्काचा फोन आला, "भाऊ, कंप्युटरनं पोराला वळखायचंच सोडून दिलं रे."

मी जालन्यात एका सरकी-ढेपेच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. हा हिशेब कंप्युटरवर लिहितो, एवढ्यावरून अख्ख्या पाहुण्यारावळ्यांत मी इंजिनिअर ठरलेलो आहे. कुणाचा टीव्ही लागेना, कुणाच्या फोनवर गॅसची सबसिडी दिसेना, की मला फोन. त्यामुळे मी एक पेचकस खिशात टाकला (पेचकस पाहिला की लोकांना धीर येतो) आणि एसटीत बसलो.

कंप्युटर बैठकीत, अक्काच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, बाजेच्या उशाशी. संभाजीनगरहून सेकंडहँड आणलेला. त्याच्या अंगावर भाच्याच्या आजीच्या जुन्या लुगड्याचं झाकण, डब्यावर दसऱ्याला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक, आणि कीबोर्डाच्या सगळ्यात लांब बटणाखाली झेंडूची एक वाळलेली पाकळी अडकलेली. त्यामुळे दोन शब्दांत जागा सोडायची तर ते बटण बुक्की मारूनच दाबावं लागे. खंडेनवमीला नांगर पुजतात तसा तोही पुजला गेला होता. फरक इतकाच की नांगर पूजेनंतर नीट चालतो.

भाचा अकरा वर्षांचा, सहावीत. त्यानं अदबीनं खुर्ची दिली, बटण दाबलं, आणि आम्ही सगळे पडद्याकडे बघत बसलो. पडद्यावर आलं: आजची वेळ संपली आहे. पालकाला विचारा.

वेळ होती संध्याकाळी साडेपाचची. पोराला परवानगी होती पाच ते सातची. ही व्यवस्था अक्काचीच. कंप्युटर बसवून देणाऱ्याला तिनं बजावलं होतं, "पोरगं जास्त बसू नये असं कायतरी करून द्या." त्यानं पोराच्या नावानं लहान मुलाचं खातं काढून दिलं. असं खातं मोठ्या माणसाच्या खात्याला दावणीसारखं बांधलेलं असतं. पोरानं किती वेळ बसायचं, काय बघायचं, कोणता खेळ उतरवायचा हे मोठ्या खात्यानं ठरवायचं. दाजींच्या नावाचा एक मेल होता. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरताना भोकरदनच्या एका झेरॉक्सवाल्यानं तो काढून दिला होता. त्यालाच पोराचं खातं बांधलं गेलं. दाजींना आपला मेल आहे हे माहीत होतं, जसं आपल्याला आपलं यकृत आहे हे माहीत असतं. कुठे आहे, काय करतं, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती.

ही लहान-मोठ्याची भानगड आली अमेरिकेतून. 1998 साली तिथल्या काँग्रेसनं कायदा केला की तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती इंटरनेटवर घ्यायची तर आधी आईबापाची परवानगी घ्या. परवानगी देणारा खरंच मोठा माणूस आहे हे ओळखायचं कसं, तर क्रेडिट कार्ड मागा, हा त्यातला एक मार्ग. गंमत म्हणजे त्याच 1998 साली आपल्याकडे किसान क्रेडिट कार्ड निघालं. त्यामुळे "काही कंपन्या बापाचं क्रेडिट कार्ड मागतात" असं मी सांगताच आबा उठले, देवळीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि दाजींचं किसान कार्ड माझ्या हातात ठेवलं. वर हळूच विचारलं, "ह्याच्यावर कर्ज नाही ना चढायचं? आधीचंच माफ व्हायचंय."

आपल्याकडे तर वय तेरावर थांबत नाही. डिजिटल माहितीच्या 2023 च्या कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूलच आहे आणि पालकाची पडताळून घेतलेली संमती हवी. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, अंमल टप्प्याटप्प्यानं. म्हणजे सतरा वर्षांचा गडी फवारणीचा पंप पाठीला लावून दिवसभर कपाशीत हिंडेल, पण संध्याकाळी घरी येऊन खातं उघडायचं म्हटलं की त्याला बाप लागेल.

तर, साडेपाच वाजता वेळ संपलीच कशी? मी पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. तिथे होते रात्रीचे बारा वाजून चार मिनिटं, 1 जानेवारी 2010.

अक्का वाकून बघत म्हणाली, "2010? तव्हा तर मी माहेरीच होते."

आजी म्हणाल्या, "मग आजून इचार कर."

आबांनी बाजेवरून सल्ला दिला, "पाव्हणं, सोनं घेऊन टाका आत्ताच्या आत्ता."

भाचा जन्माला आला 2013 मध्ये. जे पोर अजून जन्मलेलंच नाही, त्याला कंप्युटरनं ओळखावं ही अपेक्षाच गैर. त्यात मध्यरात्र. न जन्मलेल्या पोरांनी रात्री बारा वाजता जागं राहू नये, असं कोणताही समंजस कंप्युटर म्हणेल.

कारण साधं होतं. कंप्युटरच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढी, पण त्याहून जाड, चकचकीत बॅटरी असते. तिचं नाव सीआर 2032, म्हणजे रुंदी 20 मिलिमीटर आणि जाडी 3.2. लाइट गेली तरी घड्याळ चालू ठेवायचं, एवढंच तिचं काम. ती मेली की लाइट गेल्यावर कंप्युटर काळवेळ विसरतो आणि कारखान्यानं शिकवलेल्या पहिल्या तारखेला जाऊन बसतो. केदारखेड्यात लाइट दिवसातून इतक्यांदा जाते की त्या कंप्युटरचं वय दोन तासांच्या वर कधी जातच नव्हतं.   

घड्याळ सरळ करायचं म्हटलं, तर लहान मुलाच्या खात्यातून ते करता येत नाही. हेही बरोबरच. नाहीतर जगातल्या सगळ्या पोरांनी कायम संध्याकाळचे सव्वापाच वाजवून ठेवले असते. पालकाला विचारा. मग मी कंप्युटर बंद केला, चालू होताना डिलीटचं बटण बडवत राहिलो आणि त्यानं उघडणाऱ्या निळ्या पडद्यावर जाऊन आजची तारीख आणि वेळ घातली. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. अक्कानं चहा टाकला. चहाला उकळी आली आणि लाइट गेली.

लाइट परत आली तेव्हा सात वाजून गेले होते. मी पुन्हा तारीख घातली. पुन्हा पडद्यावर: आजची वेळ संपली आहे. पालकाला विचारा. या वेळी त्याचं म्हणणं खरं होतं.

तेव्हा भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, पप्पाचा मेल उघडा ना. मी सांगतो पासवर्ड."

बैठकीत जरा शांतता झाली. अक्कानं हातातला पेला खाली ठेवला. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. बॅटरी मेली होती ती दिवाळीच्या कितीतरी आधी. पण घरात कुणाला पत्ता नव्हता, कारण वेळ संपल्याची पाटी आली की भाचा तिथलं बटण दाबून "आणखी वेळ हवा" असा अर्ज वडिलांना पाठवायचा. मग उठून खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून वडिलांचा फोन काढायचा, वडिलांच्या वतीनं अर्ज वाचायचा आणि मोठ्या मनानं मंजूर करायचा. कधी एक तास, कधी दोन. "एकदा नामंजूर पण केला होता," तो म्हणाला. "काहून?" "परीक्षा होती."

आता सांगा, अशा पोराला रागवायचं कुठून? त्याच्याएवढा कडक आणि न्यायी पालक त्या घरात दुसरा नव्हता.

शिवाय पोराची परंपरा थोर आहे. कंप्युटरला पासवर्ड लावण्याची कल्पना फर्नांडो कॉर्बातो यांची मानतात. अमेरिकेत एमआयटीमध्ये 1961 च्या सुमारास एकाच अवाढव्य यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं होतं, प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. म्हणजे मूळ प्रश्न आमच्या अक्काच्या घरासारखाच: यंत्र एक आणि खाणारी तोंडं फार. प्रत्येकाला तास ठरवून दिलेले. तिथं अॅलन शेर नावाचा एक संशोधक विद्यार्थी होता, त्याला आठवड्याचे चार तास मिळत आणि ते पुरत नसत. 1962 मध्ये त्यानं सगळ्यांच्या पासवर्डची फाइल छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर बसू लागला. पुढे पंचवीसेक वर्षांनी त्यानं हे कबूल केलं. संगणकाच्या इतिहासातली पासवर्डची ही पहिली चोरी मानतात, आणि ती पैशासाठी झालेली नाही, युद्धासाठी नाही. आणखी थोडा वेळ बसू द्या, एवढ्यासाठी झाली. कॉर्बातो म्हातारपणी स्वतःच म्हणाले होते की या पासवर्डचं आता दुःस्वप्न झालंय. ते केदारखेड्याला कधी आले नाहीत, तरी म्हणाले.

भाच्यानं पासवर्ड सांगितला. दाजींच्या नावापुढे 123. मी घातला. चुकीचा. पुन्हा घातला, झेंडूची पाकळी मध्ये येऊ न देता. चुकीचा. भाच्याचा चेहरा उतरला. आत्ता कळलं, बिघाड आजच का उघडकीला आला ते. झेरॉक्सवाल्यानं ठिबकच्या दुसऱ्या हप्त्याचा कागद चढवताना मेलचा पासवर्ड बदलला होता, त्याबरोबर दाजींच्या फोनवरूनही मेल बाहेर पडला होता. कारभारीच बडतर्फ झाल्यावर राज्य बंद.

"पासवर्ड विसरलात?" यावर बोट ठेवलं. कंप्युटर म्हणाला, दाजींच्या नंबरवर ओटीपी पाठवतो. दाजींचा नंबर दाजींच्या फोनमध्ये आणि फोन दाजींबरोबर शेतात. शेतीच्या थ्री-फेज लाइटची त्या आठवड्यात रात्रपाळी होती. मोटार चालू करून ते गव्हाचे वाफे भरत होते. बरं, आमचं नेटही त्यांच्याच फोनच्या हॉटस्पॉटचं. ते मी माझ्या फोनवरून दिलं आणि त्यांना फोन लावला. त्या दिवसांत कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सायबर भामट्यांपासून सावध राहायला सांगत. ते ऐकून घेतलं. मग दाजी.

"दाजी, एक ओटीपी आला असंल, तेवढा सांगा."

पलीकडे फक्त पाण्याचा आवाज. मग दाजी म्हणाले, "कोण बोलू राह्यलं?"

"मी. पाव्हणा. तुमच्या घरूनच बोलतोय."

"घरूनच बोलतो असंच म्हणतेत ते. मागच्या महिन्यात एकाचे चाळीस हजार गेले."

अक्कानं फोन घेतला. "अवं, मी बोलते. सांगा ना तो आकडा."

"तुला कोणी बसवलं का तिथं बोलायला?" दाजी म्हणाले. "बँकेच्या सायबानं सांगितलंय, बायकोला पण सांगायचा नाही." आणि फोन ठेवला. ओटीपीचा दहा मिनिटांचा जीव वाफ्यात गेला.

सरकारनं, बँकेनं आणि बच्चनसाहेबांनी मिळून जी जागृती केली ती कुठवर पोहोचली याची शंका कुणाला असेल, तर त्यानं केदारखेड्याच्या शिवारात रात्री एखादा ओटीपी मागून पाहावा.

मी म्हटलं, जाऊ द्या, नवा पालक करू. आबांच्या नावानं. घरातले सगळ्यात मोठे तेच. आबा उठून मांडी घालून बसले, टोपी घातली. कंप्युटरनं जन्मसाल विचारलं. आबा म्हणाले, "रझाकाराच्या आधी दोन पावसाळे." म्हणजे 1946 धरू. मग देश आणि गाव. इथे आबा गोंधळात पडले, आणि त्यांचा गोंधळ अगदी रास्त होता. ते ज्या घरात जन्मले त्याच घरात आज बसले आहेत. जन्मले तेव्हा वर निजाम होता. 17 सप्टेंबर 1948 ला भारत आला, तरी राज्य हैदराबादच राहिलं. 1956 मध्ये ते मुंबई राज्यात गेले, 1960 मध्ये महाराष्ट्रात. तोवर जिल्हा औरंगाबाद. 1 मे 1981 ला जालना जिल्हा वेगळा निघाला आणि भोकरदन तालुक्याबरोबर आबाही त्यात गेले. आणि हे सगळं बाजेवरून न उठता.

"कोणचं लिहू?" आबांनी विचारलं.

मी म्हटलं, "आत्ताचं लिहा."

"मग जन्माचं काहून विचारू राह्यला तो?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कंप्युटरकडेही नसावं. पुढची पायरी होती मोबाइल नंबर. आबांच्या सगळ्या कागदांवर नंबर दाजींचा. म्हणजे ओटीपी पुन्हा गव्हात. आम्ही जेवून झोपलो.

सकाळी भोकरदनला गेलो. झेरॉक्सवाल्यानं काचेखालून एक जाडजूड वही काढली. तिच्यात आजूबाजूच्या गावांचे मेल, पासवर्ड आणि आधारचे शेवटचे चार आकडे ओळीनं, सुवाच्य अक्षरात, गावनिहाय लावलेले. केदारखेड्याला चार पानं. ती वही कुणाच्या हाती लागली तर तालुक्याचं काय होईल हा विचार मी मनात येऊ दिला नाही. त्यानं मात्र वहीवर चहाचा कप ठेवला. दाजींचा नवा पासवर्ड मिळाला. जुन्यापुढे एक 4 वाढवला होता. शेजारच्या घड्याळवाल्याकडून बॅटरी घेतली, घरी येऊन पेचकसानं डबा उघडला (पेचकस शेवटी उपयोगी पडला), मेलेली काढून नवी बसवली, पाकळीही काढली. कंप्युटर 2010 मधून उठून एकदाचा आमच्यात येऊन बसला.

दाजींच्या फोनवर त्यांचा मेल चढवून दिला, अर्ज कसा येतो, मंजूर कसा करायचा, नामंजूर कसा करायचा हे दाखवलं. फोनला कुलूप घालून दिलं आणि त्याचे आकडे फक्त त्यांच्या कानात सांगितले. दाजींनी आयुष्यभर कचेरीच्या खिडकीबाहेर उभं राहून अर्ज दिलेत. सातबाऱ्यासाठी, फेरफारासाठी, ठिबकसाठी. खिडकीच्या आतल्या बाजूला ते आता पहिल्यांदाच बसले होते, आणि तिथली रीत त्यांना कुणी शिकवावी लागली नाही. संध्याकाळी भाच्याचा पहिला अर्ज आला. दाजींनी चष्मा लावला, अर्ज दोनदा वाचला, फोन पालथा ठेवला.

"पप्पा, करा ना मंजूर."

"कारण लिहिलं नाही अर्जात."

त्यानं कारण लिहून पुन्हा पाठवला. दाजी म्हणाले, "आज टाइम संपला. सोमवारी या."

आता अक्काचा फोन येतो तो वेगळ्याच तक्रारीचा: बापलेक बोलत नाहीत, सगळा व्यवहार लेखी चाललाय. त्यात मी पडत नाही. तुमच्याही घरचा कंप्युटर लाइट गेली की मध्यरात्र दाखवत असेल, तर पोराला रागवायच्या आधी ती बॅटरी बदला. घड्याळवाल्याकडे मिळते, शंभरच्या नोटेत काम होतं. आणि तुमच्या नावाचा मेल कुणाच्या वहीत लिहिलेला आहे, ते पुढच्या अर्जाची तारीख यायच्या आत एकदा जाऊन बघून या.